तालुका माजी सैनिक संघटना: नोंदणी कशी करावी आणि फुटू नये म्हणून घटनेत काय लिहावं?

फौजी_तालुका

जय हिंद. आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बरीच वर्षं चालू आहे. दीडशेच्या आसपास माणसं आहेत, त्यांत तीस-पस्तीस सैनिक विधवा. आता रीतसर संघटना काढायचं ठरलंय. प्रश्न असे:

१) नुसती सोसायटी नोंदवायची की ट्रस्ट म्हणूनही?
२) सभासद कोणाला करायचं? सीआरपीएफ, बीएसएफची मंडळीही विचारतात.
३) वर्गणी किती ठेवावी?
४) बऱ्याच तालुका संघटना दोन-तीन वर्षांत फुटतात किंवा नुसत्या लेटरहेडपुरत्या उरतात. नेमकं कुठे बिघडतं?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच सांगावं.

---

हिशेबतपासणीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. महाराष्ट्रात दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयातच होतात, म्हणून लोकांचा गोंधळ उडतो. आधी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी. किमान ७ माणसं लागतात. तिचं प्रमाणपत्र हातात पडलं की तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या (१९५० चा, पूर्वीचा मुंबईचा कायदा) कलम १८ खाली परिशिष्ट २ मधला अर्ज. मग 'एफ' अक्षराचा नोंदणी क्रमांक मिळतो. बरेच जण पहिलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावतात आणि दुसरा अर्ज विसरतात. बँक, देणगीदार किंवा सरकारी कार्यालय एफ क्रमांक मागतं तेव्हा धावपळ सुरू होते.

कागद: संस्थेचं ज्ञापन, नियमावली (आपण तिला घटना म्हणतो), सातही जणांची ओळखपत्रं, संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्र, एकाला अर्ज करण्याचा अधिकार देणारा ठराव, आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा. म्हणजे घरमालकाचं ना हरकत पत्र, सोबत घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. सात जण एकाच घरातले, भाऊ-भाऊ, नवरा-बायको असे घेऊ नका, शंका निघते. सात गावांतले सात घेतले तर पुढेही फायदा होतो.

नाव आधी चार-पाच पर्याय काढून ठेवा. जिल्ह्यात मिळतंजुळतं नाव असेल तर अडतं. शासनाचा आश्रय असल्यासारखं वाटणारं नाव चालत नाही. राजमुद्रा, सेनेची चिन्हं, रेजिमेंटचा बिल्ला यांतलं काहीही लेटरहेडवर नको. राजमुद्रेसाठी तर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. आणि हुद्दा लिहायची पद्धत 'सुभेदार अमुकतमुक (निवृत्त)' अशी. 'निवृत्त सुभेदार' नाही. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही.

आता चौथा प्रश्न, कारण खरी मेख तिथेच आहे. संघटना भांडणाने फुटते असं वाटतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या फायली पाहिल्या तर ती बहुधा चेंज रिपोर्टवर फुटते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली परिशिष्ट ३ मध्ये बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर धर्मादाय कार्यालयाच्या रजिस्टरवर जुनेच विश्वस्त राहतात. पुढच्या निवडणुकीनंतर जुना गट म्हणतो आम्हीच कायदेशीर, नवा गट म्हणतो आम्ही निवडून आलो, आणि बँक खातं गोठवते. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात! उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला पटेल असं कारण लागतं.

बदल अर्जाला काय लागतं हे निवडणुकीच्या आधीच बघा: सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्यांची संमतिपत्रं, आणि जाणाऱ्यांची हरकत नसल्याचं म्हणणं. यातलं शेवटचं सभेच्या दिवशी चहा व्हायच्या आत घ्या. नंतर सही मागायला गेलात की माणूस रुसलेला सापडतो.

घटनेत या गोष्टी आकड्यांसकट लिहा:

कार्यकारिणी ९ किंवा ११ ची, विषम. मुदत ३ वर्षं. अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाहीत. निवडणुकीच्या सभेची नोटीस १५ दिवस आधी. व्हॉट्सअॅपवरची नोटीस चालेल असं घटनेत लिहिलं असेल तरच तिचा आधार घ्या, नाहीतर टपाल किंवा सही घेऊन हातोहात. कोरम एक तृतीयांश. तो नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी घ्यायची, हेही लिहा. अर्ध्या सभासदांचा कोरम ठेवला तर सुगीत एकही सभा कायदेशीर होणार नाही. बँकेत तिघांची नावं, कोणत्याही दोघांच्या सह्या, त्यांत एक कोषाध्यक्षाची असलीच पाहिजे.

आणि एक कलम खास: पदाधिकारी कोणत्याही निवडणुकीला उभा राहिला तर अर्ज भरण्याआधी पद सोडेल, आणि संस्थेच्या लेटरहेडवर कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा दिला जाणार नाही. हे कलम निवडणूक जवळ नसताना करा.

हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा त्याच्या आसपास. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी वेगळी. धर्मादाय नोंदणी झाली म्हणून ती आपोआप मिळत नाही. पॅन मात्र संस्थेच्या नावाने पहिल्याच आठवड्यात काढा. अध्यक्षांच्या खात्यात 'तात्पुरते' पैसे ठेवणं म्हणजे पहिल्याच वर्षी संशयाला बोलावणं.

---

डिस्चार्जबुक

वरचं सगळं बरोबर, पण नोंदणीने संघटना वाढत नाही. ती वाढते टेबलाने. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा, सकाळी १० ते १, एक टेबल, एक लॅपटॉप, स्कॅनर आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र. बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसं तालुक्याला येतातच. एकाचं पेन्शन सुरू करून दिलं की त्या गावातले बाकीचे पुढच्या आठवड्यात येतात. सभासद करा म्हणून गावोगाव फिरावं लागत नाही.

टेबलावर काय येतं?

सगळ्यात जास्त म्हणजे स्पर्श, सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. दरवर्षी हयातीची ओळख द्यावी लागते. जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) भरताना पेन्शन देणारी संस्था या रकान्यात माणसं सवयीने आपली बँक निवडतात. दाखला यशस्वी झाल्याचा मेसेज येतो, म्हातारा निश्चिंत होतो आणि पुढे पेन्शन थांबतं, कारण दाखला बँकेकडे गेला, स्पर्शकडे गेलाच नाही. तिथे 'स्पर्श, पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' हाच पर्याय निवडायचा (शहर प्रयागराज झालं तरी यादीत जुन्या नावाने शोधा), आणि पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक जुना न टाकता स्पर्शचा १२ आकडी. नेहमीच्या सेवा केंद्रातल्या मुलालाही हे ठाऊक असतंच असं नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या वर चिकटवा.

दुसरं, नावं. डिस्चार्ज बुकात (सैन्यातून सुटताना मिळणारी सेवेची नोंदवही) बायकोचं नाव 'शांताबाई', आधारवर 'शांता', पासबुकात 'शांताबाई' आणि पुढे नवऱ्याचं नाव, जन्मतारखा तीन ठिकाणी तीन. नवरा हयात असेपर्यंत ही दुरुस्ती त्याच्या अर्जावर रेकॉर्ड ऑफिसमार्फत (सैन्यातल्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) होते. तो गेल्यावर तेच काम बाईच्या गळ्यात पडतं आणि कुटुंब निवृत्तिवेतन लांबतं. म्हणून संघटनेचं पहिल्या वर्षाचं एकच काम धरा: प्रत्येक सभासदाचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं आणि तारखा जुळवा. न जुळणाऱ्यांची यादी काढा. वयाने सर्वांत मोठा असेल त्याचं काम आधी.

यासाठी रजिस्टरचे रकाने असे आखा: सेवा क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, रेकॉर्ड ऑफिस, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ, डिस्चार्ज बुकातलं पत्नीचं नाव जसंच्या तसं, मुलांच्या जन्मतारखा, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखाना योजना) कार्ड, रक्तगट, घरातल्या एका तरुणाचा फोन. शेवटचा रकाना विसरू नका. आजोबांचा फोन उचलला जात नाही, नातवाचा उचलला जातो.

हे रजिस्टर कागदी, कपाटात, कुलपात. पीपीओ किंवा आधारचा फोटो ग्रुपवर टाकायला पहिल्या दिवसापासून बंदी. हयातीच्या दाखल्याच्या नावाने ओटीपी मागणाऱ्यांना असले ग्रुप आयतेच सापडतात.

तिसरं, ज्यांना पेन्शनच नाही ते. यांना शोधूनच काढावं लागतं, ते स्वतःहून येत नाहीत. हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा, पेन्शन नाही, वय ६५ च्या वर, अशा माजी सैनिकाला किंवा विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते महिना ४००० वरून ८००० रुपये करायला मंजुरी मिळाली. अर्ज ऑनलाइन, छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. गावात 'तो फार दिवस नव्हता फौजेत' असं ज्याच्याबद्दल बोलतात, त्याचं डिस्चार्ज बुक आधी बघा.

घरपट्टी माफीचं कामही टेबलावर घ्या. राज्यात माजी सैनिकाच्या एका राहत्या घराला ती मिळते, पण त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा गावातल्या सगळ्यांचे अर्ज एका गठ्ठ्यात, पोच घेऊन द्या.

---

सहयोगी_सभासद

सभासदत्वाबद्दल. माजी सैनिक या शब्दाला सरकारी व्याख्या आहे, ती घटनेत 'वेळोवेळी बदलेल त्याप्रमाणे' असं म्हणून घ्या, स्वतःची व्याख्या बनवू नका. पेन्शनपात्र सेवा होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सुटलेला माणूस साधारणपणे तिच्यात बसत नाही, आणि यावरून गावात भांडणं होतात.

सीआरपीएफ, बीएसएफची माणसं या व्याख्येत नाहीत. त्यांचं पेन्शन स्पर्शवर नाही, दवाखाना ईसीएचएसचा नाही. म्हणजे टेबलावर त्यांचं काम होणार नाही आणि वर्गणी तर घेतली, असं होतं. त्यांना सहयोगी सभासद करा: कार्यक्रमाला सोबत, वर्गणी कमी, मत नाही.

सेवेतल्या जवानाला सभासद करू नका, तो कितीही उत्साही असला तरी. आर्मी अॅक्टच्या कलम २१ आणि त्याखालच्या नियमांनी त्याच्यावर बंधनं आहेत. ग्रुपवर त्याचं नाव, त्याने एखाद्या मोर्चाला दिलेला पाठिंबा, आणि त्रास त्याला.

अग्निवीरांचंही आताच लिहून ठेवा. योजनेच्या सध्याच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. २०२२ च्या अखेरीस भरती झालेली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून घरी येणार. पंचविशीतली, संगणक येणारी पोरं. माझं मत, त्यांना वेगळा वर्ग करून मतही द्या. टेबल पुढे चालवायचंय कोणी?

---

हिशेबतपासणीस

शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. फक्त घटनेत लिहिलं नसेल तर नंतर दुरुस्तीला विशेष सभा, ठराव, पुन्हा धर्मादाय कार्यालय. म्हणून पहिल्याच मसुद्यात घाला.

वर्गणीचं राहिलं होतं. प्रवेश फी १०० आणि वार्षिक ३०० च्या आसपास ठेवली तर तालुक्यात कोणाला जड जात नाही. विधवांना प्रवेश फी नको. आजीव सभासदत्वाची एकरकमी वर्गणी हा मात्र सापळा आहे. पहिल्या वर्षी खात्यात मोठी रक्कम दिसते, कार्यालयाला रंग, खुर्च्या, लाऊडस्पीकर होतो आणि चौथ्या वर्षी आवक शून्य, कारण सगळेच आजीव! घ्यायची तर पूर्ण रक्कम मुदत ठेवीत, खर्चाला फक्त व्याज, आणि तसं घटनेत लिहा.

---

फौजी_तालुका

मनापासून आभार सगळ्यांचे. आणखी तीन गोष्टी. सभासद गेला की प्रत्येकी २०० रुपये काढून घरच्यांना द्यायचं म्हणतात, त्याला नियम करता येईल का? संघटनेतच कर्ज-ठेवी सुरू कराव्यात असंही काहींचं म्हणणं आहे. आणि स्मारक. स्मारकावर तर सगळ्यांचं एकमत आहे.

---

हिशेबतपासणीस

प्रत्येक मृत्यूनंतर स्वेच्छेने गोळा करून देणं चालेल. 'सभासद झाल्यास वारसाला इतकी रक्कम नक्की' असं वचन देऊ नका, तो विम्याचा धंदा होतो. शिवाय ते हिशेबातही जुळत नाही: दीडशे सभासद, निम्मे सत्तरीच्या पुढे, एका वर्षात सात-आठ मृत्यू झाले तर प्रत्येकाला दीड हजाराच्या आसपास भरावे लागतात, आणि पहिले बाहेर पडतात ते तरुण. त्यापेक्षा वार्षिक वर्गणीतला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवून अंत्यविधीच्या दिवशी ५००० रुपयांची तातडीची मदत, खात्यात असेल तोवर, एवढंच ठेवा.

अंत्यविधीचा विषय निघालाच आहे म्हणून. माजी सैनिकाच्या पार्थिवावर आपण होऊन तिरंगा पांघरू नका. राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्याने (१९७१) तो शासकीय इतमामातल्या आणि सैन्य-निमलष्करी दलांच्या अंत्यविधीपुरताच आहे. पुष्पचक्र, दोन ओळीत उभे राहिलेले सभासद, 'सावधान', दोन मिनिटं स्तब्धता. शोभून दिसतं.

ठेवी-कर्ज: ट्रस्टमध्ये अजिबात नाही. २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा आहे. पतसंस्था हवी तर सहकार कायद्याखाली (१९६०) स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र कार्यकारिणी, स्वतंत्र कपाट. एकच माणूस दोन्हीकडे कोषाध्यक्ष नको.

७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचीही पावती स्वतः छापू नका. ते संकलन जिल्हा प्रशासन आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच होतं. तुम्ही त्यांच्यासाठी गोळा करून भरणा करू शकता.

---

वीरपत्नी_प्रतिनिधी

दीडशेत पस्तीस विधवा आणि वर सगळी चर्चा 'माजी सैनिक' म्हणून चाललीय. दादांनो, त्या सभासदांच्या यादीत 'कुटुंब' म्हणून नकोत, पूर्ण मतासह हव्यात, आणि ११ च्या कार्यकारिणीत किमान दोन जागा घटनेने राखीव.

सभेची वेळही बघा. रात्री ८ ला तालुक्याच्या हॉलवर सभा ठेवली की एकही बाई येत नाही, आणि मग 'त्यांना रस नाही' असं लिहून मोकळे. दुपारी २ ते ४, शेवटच्या एसटीच्या आधी.

टेबलावर बायकांसाठी एक काम हमखास निघतं. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारीला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १०० टक्के. पण पीपीओमध्ये बाईची जन्मतारीखच नसते किंवा अंदाजे वय टाकलेलं असतं, म्हणून वाढ लागत नाही. आणि तिला हे माहीतही नसतं, कारण पासबुक पोराकडे! वयाचा पुरावा घेऊन तारीख नोंदवून घ्या, थकबाकीही मागा. पस्तीस जणींची यादी वयाने लावली तर वरच्या पाच-सहा जणींपासून सुरुवात करता येईल.

आणि पासबुक भरून आणल्यावर रक्कम बाईला मोठ्याने वाचून दाखवा, सोबत आलेल्याला नाही.

---

डिस्चार्जबुक

ताईंनी सांगितलं ते रजिस्टरच्या रकान्यात घाला: पत्नीची जन्मतारीख, आणि ती कोणत्या कागदावरून घेतली ते. माझ्या यादीत राहून गेलं होतं.

स्मारकाबद्दल, एकमत आहे म्हणता तेव्हाच सावध व्हा. एकमत दगडावर असतं, नावांवर नसतं. अमुक जण लढाईत गेला की रजेवर असताना, त्याचं नाव वर की खाली, आडनाव लावायचं की नाही, यात दोन वर्षं जातात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण स्तंभावर आहे, ती इतकी वर्षं वादाशिवाय टिकली. त्यात मजकूर थोडका आहे याचा वाटा मोठा असावा.

नावं जमवायची पद्धत: दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची ऑनलाइन यादी मोफत आहे. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो. मात्र गावांची स्पेलिंगं इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली, म्हणून एका गावाची पाच-सहा रूपं टाकून शोधा. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे पुष्कळ नावं बसरा स्मारकाखाली सापडतात. काही खडकीच्या स्मारकावर. स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि रेकॉर्ड ऑफिस. प्रत्येक नावासमोर सेवा क्रमांक, पलटण, तारीख, आणि हे कशावरून घेतलं त्याची झेरॉक्स. या चार गोष्टी नसतील तर नाव कोरायचं नाही, असा ठराव आधी करा. यादी महिनाभर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून हरकती मागवा. कोरल्यावर सुधारायचं म्हणजे पूर्ण फरशी बदलावी लागते.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर मासिक सभेचा ठराव आणि उताऱ्याची नक्कल हातात आल्याशिवाय पाया खणू नका. आमदार निधीतून सभागृह मिळालं तरी ग्रामपंचायतीच्या जागेवरची वास्तू ग्रामपंचायतीचीच राहते. वापराचा करार लेखी घ्या, पुढचा सरपंच तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही.

---

फौजी_तालुका

ठरलं. स्मारक पुढच्या वर्षावर, आधी टेबल. सात जण सात गावांतले घेतलेत, त्यांत दोन ताई. एकच शंका: प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) संगणकावर ठेवलं तर चालेल?

---

हिशेबतपासणीस

टाइप करा, पण प्रत बांधीव वहीत हवी. पानांना पहिल्याच दिवशी छापील किंवा शाईने अनुक्रमांक, पहिल्या पानावर 'या वहीत इतकी पाने आहेत' असं लिहून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती. कोरी जागा राहिली तर तिरपी रेघ मारून बंद करा. हजेरीच्या सह्या त्याच वहीत, इतिवृत्ताच्या आधी, सुट्या कागदावर नकोत. आणि वही सचिवाच्या घरी न ठेवता कार्यालयाच्या कपाटात, किल्ल्या दोन.

---

डिस्चार्जबुक

तिसरी किल्ली नको. जीवन प्रमाणचं ठसा यंत्र घेताना मात्र आधी लॅपटॉपवर चालवून दाखवायला सांगा. म्हाताऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, त्यांच्यासाठी फोनवर चेहऱ्याने ओळख देण्याची सोय आहे, ती दोन फोनवर चालू करून ठेवा. नोव्हेंबरात गर्दी असते, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच बोलवा.